माझ्या मापाची तीन पोलकी

आमच्या घरात विकतचे कपडे फक्त बाबांच्या अंगावर असत आणि तेही ऑफिसला जातानाच. बाकी सगळं आई शिवायची. माझे फ्रॉक, धाकट्या भावाच्या अर्ध्या चड्ड्या, बाबांचे लेंगे, उशांचे अभ्रे, रेडिओवर टाकायचं कापड. दिवाळीला एकाच ताग्यातून मला फ्रॉक, भावाला शर्ट आणि उरलेल्याचा स्वयंपाकघराचा पडदा. परळची चाळ सोडून आम्ही वाशीला आलो तेव्हा आईचं पायमशीन टेम्पोत सर्वांत आधी चढलं आणि नव्या फ्लॅटमध्ये खिडकीशी त्याची जागा आधी ठरली. पलंग कुठे ठेवायचा यावर नंतर चर्चा झाली.

आई बाहेरचं शिवत नसे. बाबांना ते आवडत नव्हतं आणि खरं म्हणजे तिलाही वेळ नव्हता. अपवाद एकदाच झाला. तेव्हा मी नववीत होते.

करावे गावातून एक बाई आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. आम्ही मुलं तिला मावशी म्हणत असू. पाटी दारात टेकवून ती आधी पाणी मागायची, मग माझ्याकडे बघून हसायची आणि आईच्या ताटात दोन बोंबील जास्तीचे टाकायची. समोरच्या काकूंच्या ताटात ती असे जास्तीचे टाकत नाही, हे काकूंनीच आम्हाला ऐकवलं होतं.

एके दिवशी ती पाटीशिवाय आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तिने आमच्या उंबऱ्यावर उघडलं. पिवळं, हिरवं आणि लाल अशी पोलक्याची तीन कापडं होती. लाल कापडाला जरीचा काठ होता.

"बाय, माज्या पोरीचं लगीन हाय," ती म्हणाली. "तू शिवशील?"

आई गडबडली. "अगं, मी घरचंच शिवते. लग्नाचं एखाद्या टेलरकडे दे."

"टेलर नको. तुजा हात बगतंय मी. हिच्या फ्राकाला कसा बसवलास गला."

आईला स्वतःच्या शिवणाचं कौतुक ऐकायची फारशी सवय नव्हती. तिने कापड हातात घेतलं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि तिथेच ती हो म्हणून बसली.

"मग पोरीला घेऊन ये. माप घेते."

"ती नाय हिथं. उरनला असते, माज्या बहिनीकडं. हळदीच्या आदल्या दिसाला येल."

"बरं, मग तिचं एखादं जुनं पोलकं आण. त्यावरून बेतते."

मावशीने रिकामं वर्तमानपत्र दुमडून काखेत मारलं. "जुनं नाय माज्याकडं," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे हात केला. "ही हाय ना. हिच्यावानीच हाय ती. हिचंच माप घे."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती बाजारात भोपळ्याकडे पाहायची. मी तेव्हा उंच होऊ लागले होते पण अंगाने काडी. "इतकी बारीक आहे?" आईने विचारलं. मावशीने मान हलवली. तिला शंकाच नव्हती.

त्यानंतरचे काही दिवस शाळेतून आल्यावर मी स्टुलावर उभी राहायची आणि आई माझ्या अंगावर दुसरीच्या लग्नाची पोलकी चढवायची. आधी वर्तमानपत्राचे कागद कापून झाले, मग कापड बेतलं, मग धावदोरा घालून ते माझ्यावर लावलं. टाचण्या तोंडात धरून आई बोलायची, त्यामुळे ती रागावली आहे की नुसतं सांगते आहे हे कळत नसे. "हात वर. श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, नवरी काय लग्नभर पोट आत घेऊन बसणार आहे?"

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला आई माया म्हणायची. या पोलक्यांना तिने दोन्ही बाजूंनी भरपूर माया ठेवली. मावशी म्हणाली, "येवरी कशाला? बरोब्बर बसलाय हिला." पण आई ऐकेना. ज्या अंगाला आपण टेप लावलेला नाही, त्यावर आईचा विश्वास नव्हता.

मावशी आता मासे संपले की रोज आमच्याकडे येऊन बसू लागली. उंबऱ्याच्या बाहेरच बसायची. कितीही आग्रह केला तरी कपड्यांना मासळीचा वास लागेल म्हणून आत येत नसे. तिथून ती माझ्याकडे बघत राहायची. पिवळं पोलकं पहिल्यांदा हूक लावून माझ्या अंगावर बसलं, त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. रडण्यासारखं काय झालं ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. मुलगी सासरी जाणार म्हणून असेल, असं आई नंतर म्हणाली. पण मुलगी तर आताही तिच्या घरी नव्हती, मग सासरी गेल्याने काय बदलणार होतं? मी तसं विचारलं तर आई म्हणाली, "तू अभ्यासाला बस."

एकदा दार उघडं होतं आणि मी लाल जरीकाठाचं पोलकं घालून स्टुलावर उभी असताना समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या. वाटी हातात धरून त्या जागीच थांबल्या.

"ठरलं व्हय? अजून नववीत हाय की पोर."

"अहो, हिचं नाही," आई म्हणाली. "मासेवालीच्या मुलीचं लग्न आहे."

"मग ही का घालून उभी?"

"हिच्या मापाची आहे ती मुलगी."

काकूंनी विरजण घेतलं, पण ते उत्तर त्यांना पटलेलं दिसलं नाही. त्यांनी पुढे कोणाला काय सांगितलं ते ठाऊक नाही. दोन दिवसांनी शाळेत मैत्रिणीने मला विचारलं, "तू दहावी करणार आहेस ना गं?" मी म्हटलं, हो, का? ती म्हणाली, "काही नाही, आई विचारत होती."

बाबांची गंमत त्याहून मोठी झाली. बसस्टॉपवर खालच्या मजल्यावरचे काका त्यांना म्हणाले, "मग काय, पेढे कधी?" बाबांच्या डोक्यात त्या वेळी फक्त स्वतःचं प्रमोशन होतं. ते म्हणाले, "अजून पक्कं नाही हो. सगळं साहेबांच्या हातात आहे." काकांनी विचारलं, "अच्छा, साहेबांकडचं स्थळ आहे का?" तेवढ्यात बस आली आणि खाडीपुलावरून ऑफिसपर्यंत बाबा या वाक्याचा अर्थ लावत गेले. संध्याकाळी चपला काढायच्या आधीच त्यांनी आईला विचारलं, "आपल्या घरात कोणाचं लग्न आहे?"

आईने सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मग त्या मुलीला बोलावून माप घ्यायला काय हरकत होती?" आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

हळदीच्या दिवशी आई आणि मी करावेला गेलो. मावशीने बजावून सांगितलं होतं की पोलकी घेऊन तूच ये, काही कमीजास्त असलं तर तुझ्याच हाताने कर. आईने पिशवीत तिन्ही पोलकी, सुया, दोरे, ब्लेड आणि कापडाचे उरलेले तुकडे घेतले. कोणाच्या कापडाचा बोटभर तुकडाही ती स्वतःकडे ठेवत नसे. बसने हायवेला सोडलं, तिथून आम्ही चालत गावात शिरलो. दारात मांडव होता, बायका धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होत्या आणि मध्येच कर्ण्यावर कोणीतरी गाणं लावलं की त्यांचा आवाज त्यात बुडून जाई.

दारातच मावशीसारखी दिसणारी पण तिच्याहून उंच बाई उभी होती. आईने सांगितलं, आम्ही नवरीची पोलकी घेऊन आलो आहोत.

"पोलकी?" ती म्हणाली. "कंची पोलकी? मी नवरीची आई."

आई गोंधळली. आपण चुकीच्या मांडवात आलो असं वाटून तिने मागे वळून पाहिलंसुद्धा. तेवढ्यात आतून आमची मावशी हात पुसत आली आणि म्हणाली, "आली का बाय? ये, ये." त्या दुसऱ्या बाईने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि बाजूला सरकली. आम्ही आत गेलो, पण कोणाच्या मुलीच्या लग्नाला आलो आहोत हे मला आता सांगता आलं नसतं.

आतल्या खोलीत नवरी बसली होती. तिला पाहून आईने पिशवी नकळत पाठीमागे नेली. नवरी चांगली वीस-बावीस वर्षांची, रुंद खांद्यांची, भरल्या दंडांची होती. माझ्यासारख्या दोघी तिच्यात सहज मावल्या असत्या.

"आई, ह्या कोन?" तिने विचारलं. मी मावशीकडे पाहिलं. पण नवरी त्या उंच बाईकडे बघत होती. आणि मग ती आमच्या मावशीला म्हणाली, "मावशी, पानी दे गो यांना."

मी मावशी म्हणत होते ती सगळी मुलं म्हणतात म्हणून. ही खरोखरच मावशी म्हणत होती. मग आमच्या दारात येऊन 'माज्या पोरीचं लगीन' असं सांगणारी बाई कोण होती? आईच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता, पण ती मोठी असल्यामुळे तिने तो विचारला नाही. तिने पिवळं पोलकं बाहेर काढलं.

एक हात बाहीत कोपराच्या वर गेला आणि अडकला. नवरी आधी हसली. मग मावशीचा चेहरा पाहून हसायची थांबली.

"हिच्या मापाचं शिवलंय," आई माझ्याकडे बोट करून हळूच म्हणाली. मग मावशीकडे मान वळवून, "हिनं सांगितलं तसं."

उंच बाई, म्हणजे मावशीची बहीण, पुढे आली. तिने पोलकं उलटंपालटं करून पाहिलं. "ही पोर केवरी आणि आपली केवरी. होलीला आली तवा बगली नाय तू हिला?"

"बगली," मावशी म्हणाली.

"मंग?"

"मना तशी नाय दिसली."

एवढंच बोलून ती भिंतीला टेकून उभी राहिली. समोर बसलेलं माणूस दिसतं आणि तरी दिसत नाही, हे कसं होतं ते मला समजेना. मी उगाच नवरीकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

बहिणीने कोपऱ्यातली ट्रंक उघडली. तिच्यात उरणच्या शिंप्याकडून शिवून आणलेली पोलकी होती, पिवळं, हिरवं, लाल, सगळी घडी घालून. "हायत की. कशाला डोक्याला ताप?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती बरोबरच सांगत होती. आईनेसुद्धा सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पोलकं परत पिशवीत घालू लागली.

"बाई, तुमी उसवा," नवरी म्हणाली.

"अगं, पण हे तयार आहे ना," आई म्हणाली.

"असू दे. तुमी उसवा."

आई खाली बसली. ब्लेडने तिने बाजूच्या शिवणी उसवायला घेतल्या. ठेवलेली सगळी माया बाहेर आली, कापड उजेडात धरलं तर जुन्या शिवणीची भोकं ओळीने दिसत होती. तरी बाजूंना तीन-तीन बोटं कमीच पडत होती आणि बाह्यांचं तर विचारायलाच नको. तेव्हा आईने पिशवीतले तुकडे जमिनीवर पसरले, त्यातून लांबट पट्ट्या आणि काखेत घालायला तिकोनी कळ्या कापल्या.

ती शिवत असताना नवरीने मला जवळ बसवलं आणि स्वतःहूनच सांगितलं. ती मावशीच्याच पोटची. पण मावशीला लागोपाठ मुली आणि उरणच्या बहिणीला मूल नाही, म्हणून चालता येऊ लागल्यावर हिला तिकडे दिली. लग्न मात्र करावेच्या घरातून व्हायचं, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. मध्ये एकदा उरणचे काका फार आजारी पडले, तेव्हा ती वर्षभर करावेला येऊन राहिली होती. "तुज्याएवरी हुते," ती म्हणाली. "तुज्यावानीच सुकट. मंग तिकडं परत गेले." ती हे अगदी सहज सांगत होती, जणू शाळा बदलल्याची गोष्ट. मी विचारलं, मग तुझी आई कोणती? तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "दोगी," ती म्हणाली.

मला ते उत्तर वाटलं नाही.

आईची एक बाजू अर्धी झाली होती. उंच बाई बराच वेळ बघत उभी होती. मग तिने खाली बसून सुई मागून घेतली. "एकटीनं कदी व्हायचा? दुसरी बाजू मी घेतंय." आईने पोलक्याची एक बाजू तिच्याकडे सरकवली. दोघी समोरासमोर बसून एकाच कपड्याला दोन बाजूंनी टाके घालू लागल्या. उंच बाईचे टाके आईच्या टाक्यांपेक्षा मोठे पडत होते. एरवी आईने ते उसवायला लावले असते, त्या दिवशी तिने ते तसेच राहू दिले.

मावशीला मात्र काही काम उरलं नव्हतं. ती मला बाहेर घेऊन गेली आणि तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण माझ्यापुढे ठेवून समोर बसली.

"तुना बरोब्बर बसला हुता ना गो?" तिने विचारलं.

हो म्हटलं तर तिला बरं वाटेल की वाईट, हे मला ठरवता येईना. मी हो म्हटलं. तिने नुसती मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. दारात मिळणारे ते जास्तीचे बोंबील मला आठवले. ते मला होते की त्या वर्षभर राहून गेलेल्या मुलीला, असा विचार मनात आला आणि घास तोंडात फिरू लागला. कोणाचं तरी खाऊन टाकल्यासारखं वाटलं. पण तिथे बसून रडावं असंही काही झालेलं नव्हतं, म्हणून मी भाकरी संपवली.

हळदीला नवरी ते ठिगळांचं पिवळं पोलकं घालून बसली. काखेतल्या कळ्या हात वर केला की दिसायच्या. बायकांनी आधी गालांना, मग हातांना, मग थेट पोलक्यावरच हळद फासली आणि थोड्या वेळाने कुठलं कापड आधीचं, कुठलं जोडलेलं आणि कुठली नुसती हळद, काही वेगळं करता येईना. त्याआधी पहिली हळद कोणी लावायची यावरून दोघी बहिणींची थोडी ढकलाढकली झाली होती. "तू लाव," "नाय, तू लाव." शेवटी बाजूला बसलेली एक म्हातारी ओरडली की बसून बसून पोरगी वाळून जाईल, तेव्हा दोघींनी एकदमच हात लावले.

दुसऱ्या दिवशी लग्नाला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा तिने उरणचं लाल पोलकं घातलं होतं. ते तिला फार छान बसलं होतं. आईने शिवलेलं लाल आणि हिरवं तसंच राहिलं, त्यांच्यासाठी वेळही नव्हता आणि तुकडेही पुरले नसते.

लग्नाहून परत येताना बसमध्ये मी आईला विचारलं, "असं आपलं मूल कोणाला देता येतं?"

"देतात," आई म्हणाली.

"तू दिलं असतंस?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नव्या बिल्डिंगांच्या बांबूच्या परांच्या होत्या, बघण्यासारखं काही नव्हतं. "आत्याने मागितलं होतं तुला," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं. तिला अजून राग आहे त्याचा." मग ती म्हणाली, "मी बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही." हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आत्या आमच्याकडे आली की माझ्याशी इतकी तुटक का वागते, याचा मी कधी विचारच केला नव्हता. वाशीचा स्टॉप आला आणि आम्ही उतरलो.

मावशी येत राहिली. जास्तीचे बोंबीलही येत राहिले. मला ते आता घ्यावेत की नाही समजत नसे, पण ताट आईच्या हातात असे.

पावसाळा संपल्यावर एका दुपारी नवरी स्वतःच आमच्या दारात उभी राहिली. एकटीच आली होती. हिरवं पोलकं घेऊन आली होती आणि सोबत तसंच हिरवं नवं कापड. "हे मोठं करून द्या," ती आईला म्हणाली. "आनि आता माप घ्या माजं. सातवा महिना लागलाय, पन नंतर बी घालायला लागेल ना?"

आईने तिला आत घेतलं, चहा ठेवला आणि टेप काढला. माप घेऊन झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी नवरीशेजारी बसले होते. इतके महिने मनात होतं ते मी विचारलं. "तुला दोघींपैकी कोणाची जास्त आठवण येते?"

तिने खरोखर विचार केला. मग चहाची बशी खाली ठेवली.

"उरनला असले की हिची यायची," ती म्हणाली. "हिथं आले की तिची. आता सासरी कोनाचीच नाय येत. नुसती झोप येते."

आणि ती मोकळेपणाने हसली. मीही हसले, पण हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला सांगता आलं नसतं. आईने आतून विचारलं, "काय झालं गं?" आम्ही दोघी म्हणालो, काही नाही.

पुढच्या आठवड्यात पोलकं तयार झालं. आईने ते पूर्ण उसवून, पाठ नवीन घालून शिवलं होतं. मावशी येऊन ते घेऊन गेली. जाताना तिने ते उंबऱ्यावर उलगडून दोन्ही हातांत आडवं धरलं, त्याच्या रुंदीकडे पाहिलं आणि म्हणाली, "येवरी झाली." मग घडी घालून ते पाटीवरच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि समोरच्या काकूंचं दार वाजवून विचारलं, "बाय, सुरमय हाय, घेनार?"